डोळे उघडायची बैठक

जेवायला बसलेल्या माणसानं आपल्या ताटाकडं बघावं. रामलिंग सुतार अंबूच्या मानेकडं बघायचा. घास हातात, तोंड अर्धवट उघडं, आणि डोळे असे बारीक केलेले, जसा काही बाजारात बकरं पारखतोय. आमटी गार व्हायची, भाकरी वातड व्हायची, याचं आपलं बघणं चालूच.

"अरे रामल्या," मी एकदा भर पंगतीत म्हणाले, "ती मान काय कुठं पळून चालली न्हाई. भाकरी खा."

हसलासुद्धा नाही. म्हणतो, "थांबा आक्का. कानाखाली सावली आत्ता बरोबर पडलीय."

पंगत फिदीफिदी हसली. अंबूनं पदर मानेवरून ओढून घेतला. घेताना तिच्या हातातला घास ताटात पडला. पंगतीतल्या दुसऱ्या कुणाला दिसलं नाही, मला दिसलं.

मला दिसायचंच. मी तिसरी यत्ता शिकलेली बाई, सही करते तीसुद्धा जोडाक्षर टाळून. पण कोल्हापुरात मंगळवार पेठेत बायजाक्काच्या नजरेतून काही सुटत नाही, अशी माझी ख्याती होती. मालक गेल्यावर खानावळ मी एकटीनं चालवली ती या नजरेवर. गवळण दारात आली की तिच्या चालण्यावरून मी सांगत असे, आज दुधात पाणी आहे की नाही.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन वर्षं आधीची. तेव्हा आमच्या पेठेत दगड मारला तर तो कलावंतालाच लागायचा. कुणी पडदे रंगवणारा, कुणी सिनेमात राक्षस होणारा, कुणी तबलजी. सगळे माझ्याकडं जेवायला. कलावंत म्हणजे आंघोळीला वेळ नाही आणि लग्नाला तर त्याहून नाही. माडीवर रामलिंग राहायचा. त्याचा बाप लाकडाचे देव करायचा, हा माणसं रंगवायचा. मागच्या खोलीत अंबू नेर्लेकर राहायची. नाटक कंपनीत गायची. पंचविशीची असेल. माझ्या पोटी मुलगी नाही, त्यामुळं तिला मी जरा जास्तच रागवायची.

रामलिंगनं तिचं मोठं चित्र काढायला घेतलं होतं. पिवळा शालू नेसलेली बाई, तंबोरा नुकताच खाली ठेवलेला. "गाणं संपल्यावरची बाई काढायचीय," असं तो म्हणायचा. मुंबईच्या प्रदर्शनात लावणार होता. पाच महिने रोज सकाळी अंबू माडीवर जाऊन बसायची. ती वर गेली की मी खाली जिन्यापाशी भाजी निवडायला बसायची. आमच्याच गल्लीत आदल्या साली एका शिंप्यानं कंपनीतल्या एका बाईच्या तोंडावर तेजाब टाकलं होतं. तोसुद्धा आधी वर्षभर नुसता बघतच होता.

एकदा कंपनीचे पेटीमास्तर आले, बाबूमियाँ. भला माणूस. हातात टोपी घेऊन उभा राहिला.

"आक्का, तुम्ही तरी सांगा अंबूताईला. बेळगाव-हुबळीचा दौरा आहे. मोठी भूमिका देतायत. ती नाही म्हणते."

"का म्हणं?"

"चित्र पुरं झाल्याशिवाय जाता येत नाही म्हणते. मी म्हटलं, अगं, चित्र थांबेल, कंपनी थांबायची नाही. तर रडायला लागली."

"ती न्हाई म्हणत मास्तर," मी माडीकडं बोट केलं. "तिच्या तोंडून तो म्हणतोय."

मास्तरांनी टोपी डोक्यावर ठेवली. "तसं वाटलं नाही मला. पण तुम्ही रोज बघता. तुम्हाला ठाऊक."

मला ठाऊकच होतं. दुसऱ्या दिवशी रामलिंग रंग आणायला गेला तेव्हा मी केरसुणी घेऊन माडीवर गेले. खिडकीपाशी ते चित्र, वर चादर टाकलेली. मी चादरीचं टोक उचललं, आणि केरसुणी हातातून पडली. शालू झाला होता, हात झाले होते, कपाळावरचं कुंकू झालं होतं. डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन पांढऱ्या खाचा. बाजूला त्याची वही पडली होती. ती उघडली तर पानोपानी अंबू, पण अख्खी अंबू कुठंच नाही. एका पानावर नुसत्या माना. एका पानावर मनगटं, सुटी सुटी, मटणवाल्यानं मांडून ठेवावीत तशी. तोंडं होती त्यांना डोळे नव्हते.

मी वही मिटली, पण माझ्या पाठीवरून जे काही सरसरत गेलं ते चुलीपाशी बसूनही गेलं नाही.

संध्याकाळी मी त्याला अडवलं. "रामलिंग, चित्राला डोळे का न्हाईत?"

"डोळे शेवटी, आक्का. आमच्या बाची रीत. देवाचे डोळे सगळ्यात शेवटी उघडायचे. आणि एकदा उघडले की त्या मूर्तीला पुन्हा हात लावायचा नाही. संपलं."

"संपलं म्हणजे?"

"म्हणजे संपलं," तो म्हणाला आणि हसला. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याला हसताना बघितलं. नसतं बघितलं तर बरं झालं असतं.

त्यानंतर डोळे उघडायची बैठक तीनदा ठरली आणि तीनदा मोडली. अंबू सकाळी वर जायची ती डोळे लालभडक करून. पापण्या सुजलेल्या, पाणी वाहतंय. वरून रामलिंगचा आवाज यायचा, "आज पण नाही? अहो अंबूबाई, डोळ्यातलं पांढरं पांढरंच पाहिजे मला! रात्री झोपत नाही काय तुम्ही?" कुंचला आपटल्याचा आवाज. मग ती खाली यायची, भिंत धरत.

तिला जेवण जात नव्हतं. पंगतीत दोन घास खाऊन उठायची. पण तिच्या खोलीत कांद्याचा वास यायचा, आणि माझ्या टोपलीतले कांदे कमी व्हायचे. मी मनात म्हटलं, याच्या नजरेखाली पोरीला घास उतरत नाही, म्हणून खोलीत दार लावून कांदा-भाकरी खाते. मी टोपली तिच्या दाराजवळ सरकवून ठेवली. म्हटलं, खाऊ दे.

एकदा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती थांबली. मी खाली मेथी निवडत होते.

"आक्का, चित्र पुरं झालं की काय हुईल हो?"

"काय व्हायचंय? सुटशील."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी तिला थोबाडीत मारली. ओठ दाताखाली धरला आणि वर गेली. मी मेथीचे देठ सुपात टाकले आणि पाला कचऱ्यात, इतकं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

मग हरताळ गेला.

रामलिंगला नळीतला विलायती पिवळा आवडायचा नाही. शालूसाठी तो बाजारातून हरताळ, म्हणजे रंगाचा पिवळा दगड, आणून स्वतः खलायचा. आणला त्याच दिवशी त्यानं मला बजावलं होतं, "आक्का, मांजर वर येऊ देऊ नका. विष आहे हे. चाटलं तर मरेल." उरलेली पुडी दोरा गुंडाळून कोनाड्यात ठेवलेली असायची. मी रोज केर काढताना ती आहे ना बघायची. शालू पुरा होऊन महिना झाला होता. आता त्या पुडीचं त्याला काम नव्हतं. आणि चौथ्यांदा बैठक ठरली, तिच्या आदल्या दिवशी कोनाड्यात पुडी नव्हती.

कोनाड्याच्या धुळीत पुडीचा चौकोन तेवढा स्वच्छ होता.

दुसरी कुणी असती तर तिनं त्याला विचारलं असतं, पुडी कुठं ठेवलीस रे? मी विचारलं नाही. विचारलं की चोर सावध होतो. आणि खरं सांगायचं तर बायजाक्कानं कुणाला काही विचारायचं म्हणजे तिच्या नजरेला कमीपणा. मी खाली आले. त्या रात्री मी जेवले नाही. पाण्याचा हंडा, दुधाचं पातेलं, पानाचा डबा, सगळं माझ्या खोलीत नेऊन आतून कडी घातली.

सकाळी अंबू आली ती न्हाऊन, पिवळा शालू नेसून. डोळे पांढरेशुभ्र, निवळलेले. तिला तशी बघून मी तिची वाट अडवली.

"अंबे, आज वर जाऊ नको. डोकं दुखतंय म्हण."

"न्हाई आक्का. आज त्यांना पुरं करू दे."

आवाज अगदी शांत. जत्रेत सजवून नेलेल्या बकऱ्यासारखी ती जिना चढली, आणि मागून मी.

रामलिंग दारातच. "आक्का, आज खोलीत तिसरं माणूस नको. डोळे उघडताना कुणी नसतं."

"मी जिन्यावर बसते. दार लावायचं न्हाई."

"दार उघडं असलं तर उजेड हलतो—"

"हलू दे. दार लावलंस तर मी ते कुऱ्हाडीनं फोडीन, रामल्या."

त्यानं माझ्याकडं बघितलं. वेड लागलं असं वाटलं असावं. "बरं. मग एवढं करा, आम्हाला दोन कप चहा पाठवा. अंबूबाईंचा चेहरा उतरलाय."

चहा! मी खाली गेले, चहा माझ्या हातानं केला, माझ्या हातानं वर आणला. कप खाली ठेवले तेवढ्यात तो म्हणाला, "आक्का, ते खिडकीचं फळकूट जरा सारता?" मी सारायला वळले. चार पावलं. परत वळले तर कप सरकलेले वाटले. सरकले होते की नव्हते, देवाला ठाऊक.

अंबूनं कप उचलला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"हा तू पी," मी रामलिंगला म्हणाले.

"माझा आहे की इथं."

"तोबी पी. दोन्ही पी. माझ्या देखत."

"आक्का, अहो—"

"पी म्हणते ना!"

त्यानं एकामागून एक दोन्ही कप बशीत ओतून भुर्रकन ओढले. मिशी पुसली. "आलं जास्त झालंय," म्हणाला आणि कुंचला घेतला.

मी जिन्यावर बसले. त्याला काही होतंय का बघत. काही झालं नाही. घाम नाही, उचकी नाही. कुंचल्याचा सरसर आवाज येत होता, आणि मधून मधून त्याचा.

"इकडं बघा. माझ्याकडं. हां. अशाच. हलू नका. पापणी नको."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. उन्हाचा पट्टा तीन पायऱ्या खाली उतरला. गल्लीत भांड्यांना कल्हई करणारा ओरडत आला आणि गेला. आणि मग तो म्हणाला, "झालं."

"झालं?" अंबू म्हणाली.

"झालं. उघडले."

"मग उद्या?"

"उद्या काय? उद्याच्या गाडीनं चित्र घेऊन मुंबई. तिथं चित्रकलेच्या एका मास्तरांनी जागा दिलीय. आता तिकडंच."

"आणि मी?"

"तुमचं काम झालं, अंबूबाई. लई उपकार झाले तुमचे. पाच महिने म्हणजे काय थोडे झाले?"

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. जातोय! गाडीत बसून जातोय! पुडी कुठं का गेली असेना, उंदरांना घातली असेल, सांडली असेल. मी गुडघ्यावर हात देऊन उठले. खाली गेले, भाकरीचं पीठ मळायला घेतलं. किती दिवसांनी मी पीठ मळताना ओवी गुणगुणत होते.

अंबू खाली आली. स्वयंपाकघरात येऊन तिनं माझ्या पायाला हात लावला.

"आगं, हे काय? आज काय सण हाय?"

"चित्र पुरं झालं ना. म्हणून."

"सुखी ऱ्हा. जा, शालू बदल. जेवायला वाढते."

ती मागच्या खोलीकडं गेली. दाराची कडी वाजली. मी पिठात पाणी घातलं. आणि माझ्या पायावर, जिथं तिची बोटं लागली होती तिथं, बारीक पिवळी पूड दिसली.

आधी वाटलं हळद. पण त्या पोरीनं आज चूल बघितली नव्हती. मग वाटलं चित्राचा रंग. पण शालूचा रंग वाळून महिना झाला होता.

मी पिठाच्या हातानं धावले. कडी जुनी होती, खांद्यानं दोनदा धक्का दिला तशी निघाली. अंबू भिंतीला टेकून बसली होती. समोर पितळी पेला. दोऱ्याचा तुकडा. खिडकीत अर्ध्या चिरलेल्या कांद्यांच्या फोडी, सुकलेल्या, ओळीनं. एकीलाही दात लागलेला नव्हता.

पेला अर्धा रिकामा होता.

"कुणी दिलं हे तुला? त्यानं दिलं? बोल! त्यानं दिलं?"

"त्यानं?" अंबू हसली. ओठाच्या कडेला पिवळं लागलं होतं. "त्यानं काय दिलं हो मला, आक्का? पाच महिने मी मागत बसले. त्यानं काहीच दिलं न्हाई."

"आगं, पण तू तर त्याला भीत होतीस—"

"चित्र पुरं व्हायला भीत होते."

मी तिचे केस धरले, मान मागं केली आणि मिठाचं पाणी ओतलं. घशात दोन बोटं घातली. ती चावली. मी शिव्या दिल्या, तिच्या सात पिढ्यांना दिल्या, आणि पुन्हा बोटं घातली. ओरडून ओरडून गल्ली गोळा केली. कुणी तात्या वैद्यांना आणायला पळालं. तूप आणा, दूध आणा, घमेलं आणा. बाबूमियाँ कुठून आले कळलं नाही, तिचं डोकं मांडीवर धरून बसले होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

दिवस कलताना वैद्य म्हणाले, "जगेल."

जगली. अजून आहे, नेर्ल्याला. पोरीबाळींना पेटीवर गाणं शिकवते. शिकवते ते बोटांनी आणि खुणेनं. गळा त्या दिवशी जळाला तो जळालाच. आता बोलते तेसुद्धा पायरीवर चप्पल घासल्यासारखं. मी दरवर्षी तिला भेटायला जाते. डोळ्यांना चोळलेल्या त्या कांद्यांचा विषय मी कधी काढला नाही, तिनंही नाही.

पण वैद्य "जगेल" म्हणाले, तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. मी हात धुतले. बोटांवर तिच्या दातांचे वण उठले होते. आणि मला आठवलं की एवढी गल्ली गोळा झाली, पण माडीवरून एक माणूस खाली उतरलेला नाही.

मी जिना चढले.

रामलिंग चित्रासमोर उभा होता. हात मागं बांधलेले, डोळे तसेच बारीक.

"आक्का, बरं झालं आलात. खाली कसला एवढा गलका? भांडण झालं काय? ते जाऊ दे. हे बघा आधी. हे डोळे बघा."

मी बघितलं.

"असा भाव पाच महिन्यांत एकदा आला नव्हता," तो म्हणाला. "आज बसल्या आणि आला. कुठून आला कुणास ठाऊक. मी काही केलं नाही. जसं दिसलं तसं हातानं काढलं. गाणं संपल्यावर असंच होतं वाटतं बाईमाणसाला."

चित्रातली अंबू, रामलिंग जिथं उभा होता तिथं बघत होती. थेट त्याच्याकडं. त्या नजरेत भीती औषधाला नव्हती. जे होतं ते आंधळ्याला दिसावं. मी पाच महिने तिला जिन्यावर, पंगतीत, दारात बघितलं होतं. हेच डोळे.

"अंबू खाली पडलीय," मी म्हणाले. "तुझा हरताळ पिऊन."

तो कोनाड्याकडं गेला, आत हात घालून चाचपला, रिकामा हात बाहेर काढून त्याच्याकडं बघत राहिला.

"अंबूबाई? पण का? त्यांना कशाचं दुःख होतं?" त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा चित्राकडं. "खरंच सांगतो आक्का, मला काही दिसलं नाही. मी तर रोज त्यांच्याकडंच बघत होतो."

मी चादर उचलली आणि चित्रावर टाकली. माझे हात पिठानं आणि मिठानं भरले होते, चादरीला डाग पडले. मग मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"रामल्या, तुझा हात तेवढा शहाणा हाय. त्याला दिसलं, त्यानं काढलं. तुला दिसलं न्हाई, आणि तुझ्यावर पहारा करत बसलेल्या मला त्याहून न्हाई. उद्याच्या गाडीनं जा, चित्र घेऊन जा, नाव कमव. पर ह्यापुढं 'मला बघता येतं' असं जन्मात कुणाला सांगू नको. मीबी सांगणार न्हाई."